बोलण्याइतक्या अंतरावरून

हॅलोकाकांचं खरं नाव काय, हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही पटकन सांगता येणार नाही. उभा जन्म लोकांच्या समारंभात लाउडस्पीकर लावण्यात गेला. लग्न असो, सभा असो, शाळेचं गॅदरिंग असो, पहिला आवाज यांचा: "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." नवरदेवाच्या आधी स्टेजवर हे, आणि पाहुणे पांगल्यावर वायरी गुंडाळत बसलेलेही हेच. मग दुसरं नाव काय पडणार? घरातसुद्धा माणूस तसाच बोलायचा. "जरा मीठ दे" म्हणाले की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी बरणी उघडावी, असा आवाज.

आता धंदा भागीदाराच्या हवाली करून काका मोकळे झाले होते. हौस म्हणाल तर एकच, आणि तीही जुनी. फोटो काढायचे. वर्षातून एकदा, हंगाम संपला की काका आणि काकू कुठंतरी फिरायला जायचे आणि काका काकूंचे फोटो काढायचे. हौसेला मोल नसतं म्हणतात. काकांच्या हौसेला लांबी मात्र होती. कॅमेऱ्याला तीनशे मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स, हातभर लांब आणि चांगली जडशीळ. सिद्धान्तही ठरलेला. माणसाला दुरून टिपायचं. जवळ गेलं की माणसाचा पुतळा होतो. म्हणून काकूंना बाकावर बसवायचं आणि आपण इतकं लांब जायचं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला ही दोघं एकमेकांची कोण हेच कळू नये. तिथून पुढचा कार्यक्रम. "जरा डावीकडे बघ. हात खाली. हस की!" गंमत अशी, की एरवी गडगडणारा हा माणूस कॅमेरा डोळ्याला लावला की पुटपुटायचा. हात हलू नये म्हणून श्वास रोखायची सवय, दुसरं काय.

आणि फोटो? बाप रे! डोंगर छान, झाडं छान, आभाळ छान, आणि मधोमध काकू बसल्यात. भुवया एकमेकींना चिकटलेल्या, मान पुढे, डोळे बारीक, ओठ घट्ट. किल्ल्यावर तसंच, समुद्रावर तसंच, फुलांच्या बागेत तर विचारूच नका. फुलं बिचारी घाबरून कोमेजायची राहिली होती. एरवी काकू हसऱ्या बाई. दारात भाजीवाला आला तरी दोन विनोद करून पाठवणाऱ्या. पण कॅमेरा वर गेला की कपाळावर आठ्या आल्याच. नात्यात त्याला नावच पडलं होतं, 'काकूंचा फोटोचेहरा'.

तेवढ्यावर हसण्यावारी गेलं असतं. पण त्यांच्या लेकीने हौसेने या सगळ्या सहलींचे फोटो जमवले, एका भल्या मोठ्या फ्रेममध्ये लावले आणि एका रविवारी आईबाबांना भेट म्हणून आणून दिले. फ्रेम भिंतीला टेकवून सगळे समोर उभे राहिले. मग जावई म्हणाले, "आई, बाबांनी प्रत्येक गावात जाऊन अपराध तरी काय केला होता?" सगळे खो खो हसले. काकूही हसल्या. लेक-जावई गेल्यावर मात्र कप विसळता विसळता काकू म्हणाल्या, "या वेळी सहलीला तळ्यावर तुम्ही एकटेच जा. मला नका नेऊ."

"का गं?"

"नको म्हटलं ना."

"अगं, खोली सांगून ठेवलीय!"

"मग जा की. मी कुठं अडवलंय?" एवढं बोलून काकूंनी नळ जोरात सोडला. विषय संपला.

काकांचा जीव मात्र थाऱ्यावर राहीना. वरून माणूस मोठ्या आवाजाचा, आतून हळवा. त्यांच्या मनात एक जुनी भीती होती, ती आता उठून बसली. ज्या वयात नवराबायको संध्याकाळी हातात हात घालून फिरतात, त्या वयात हे दुसऱ्यांच्या लग्नात वायरी ओढत होते. काकू एकट्या जेवल्या, एकट्या लेकीला घेऊन दवाखान्यात गेल्या, एकट्या झोपल्या. कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. काकांना वाटायचं, बोलली नाही म्हणजे विसरली असं थोडंच आहे? तोंडाने बोलली नाही, चेहऱ्याने बोलतेय. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणतात. इतक्या वर्षांचा राग हा असा फ्रेममध्ये रांगेने लागलेला. आणि आता ती सरळ म्हणतेय, तुमच्याबरोबर येत नाही.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? बायकोसमोर बसून विचारलं असतं, की बाई गं, काय झालंय? पण नाही. काका उठले आणि लेन्सच्या दुकानात गेले. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! त्यांचा हिशेब असा, की लेन्स चांगली आली तर एक तरी फोटो चांगला येईल. एका फोटोत जरी बायको नीट हसली, तरी तिला म्हणता येईल, बघ, तू माझ्याबरोबर खूश असतेस. चल.

दुकान जिना चढून वर होतं. अरुंद खोली, काचेची कपाटं, त्यांत ओळीने काळ्या लेन्स. दुकानवाल्या बाई डोक्यावर चष्मा ठेवून तोच चष्मा ड्रॉवरमध्ये शोधत होत्या. काकांनी त्यांना चष्म्याची जागा दाखवली आणि मग आपलं काम सांगितलं.

"घरच्या माणसाचा फोटो चांगला आला पाहिजे. आणि प्रवासात नेता आली पाहिजे."

"सध्या कोणती वापरता?"

काकांनी पिशवीतून तीनशेची काढून काउंटरवर ठेवली. बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं.

"हिच्यातून तुम्ही बायकोचे फोटो काढता, का घारीचे?"

"दुरून काढलं की चेहरा चांगला येतो म्हणतात."

"म्हणतात ते बरोबर आहे. पण दुरून म्हणजे पलीकडच्या गल्लीतून नव्हे!" बाईंनी एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा. हे बघा, अगदी नाकासमोर जाऊन फोटो काढला तर काय होतं? नाक कॅमेऱ्याला जवळ आणि कान लांब. मग नाक फुगतं आणि कान पळून जातात. फार लांब गेलात तर उलटं. नाक-कान सगळं एका पातळीत. चेहरा पाटीसारखा सपाट. मधलं अंतर पाहिजे. तिथून चेहरा जसा आपण रोज बघतो तसा दिसतो. त्या अंतराला या दोन लेन्स बऱ्या."

त्यांनी कपाटातून दोन काढल्या. एक पंच्याऐंशीची, छोटी, मुठीत मावणारी. दुसरी एकशेपस्तीसची, तिच्याहून लांब आणि वजनदार. काकांचा हात आपसूक मोठीकडे गेला. माणसाचा स्वभाव जातो कुठं?

"मोठीने बाहेर सुंदर फोटो येतात," बाई म्हणाल्या, "मागचं सगळं लोण्यासारखं मऊ होतं. पण खोलीत काढायला गेलात तर पाठ भिंतीला लागेल. शिवाय ओझं. पहिल्या दिवशी हौसेने गळ्यात घालाल, दुसऱ्या दिवशी मान दुखेल, तिसऱ्या दिवशी ती हॉटेलच्या कपाटात. कपाटातल्या लेन्सने कुणाचा फोटो येत नाही."

"मग धाकटी घेऊ?"

"मी कशाला सांगू? आकडे विसरा तुम्ही. घरी जा, बायकोशी गप्पा मारत उभे राहा. जिथून आवाज न चढवता बोलता येतं, तिथं थांबा. तिथून जिच्यात चेहरा आणि खांदे बरोबर बसतील, ती तुमची लेन्स. दोन्ही घेऊन जा, उद्या एक परत आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वयंपाकघरात खिडकीजवळ खुर्ची टाकून उशीच्या खोळीला बटणं लावत बसल्या होत्या. खिडकीतून मऊ उजेड येत होता. काकांनी दोन्ही लेन्स ओट्यावर मांडल्या.

"फोटो नाही काढत, फक्त माप घेतोय," काका म्हणाले.

"घ्या एकदाचं. नाहीतर दिवसभर मागे भुणभुण लावाल." काकू सुई खोळीत टोचून सरळ बसल्या.

आधी मोठी. काका मागे सरकले, दारात आले, दाराबाहेर गेले. पाठ चपलांच्या स्टँडला लागली तेव्हा कुठं काकूंचे खांदे चौकटीत आले. काकांनी श्वास रोखला. "जरा खिडकीकडे बघ." तोच चेहरा. आठ्या, मान पुढे, डोळे बारीक. "अगं, हस." तोच चेहरा. काका आत आले, धाकटी लावली, ओट्यापाशी उभे राहिले. आता तर चांगले जवळ होते. "हनुवटी थोडी वर." पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी!

काकांचा धीर सुटला. कॅमेरा डोळ्यालाच होता, श्वासही रोखलेला होता, आणि त्यामागून ते म्हणाले, "तुला माझ्याबरोबर कुठं यायचंच नसेल तर तसं सांगून टाक. मी काही अडून बसणार नाही. पण हे असं बघू नकोस माझ्याकडे."

बोलून तर गेले. आता काय उत्तर येतंय? हो म्हणाली तर?

उत्तर आलंच नाही. काकू रागावल्या नाहीत, डोळ्यांत पाणी आलं नाही, काही नाही. फक्त मान आणखी थोडी पुढे आली आणि डोळे आणखी बारीक झाले.

आता इथं एक सांगायला हवं. सभेत भाषण सुरू झालं की काका कधी वक्त्याकडे बघत नसत. बघायचे शेवटच्या रांगेकडे. तिथली माणसं रेलून बसली असतील तर आवाज पोचतोय. आणि पोचत नसेल तर कुणी तक्रार करत नाही हो, माणसं भिडस्त असतात. नुसत्या माना पुढे येतात, भुवया जवळ येतात, डोळे बारीक होतात आणि नजर वक्त्याच्या ओठांवर खिळते. तो चेहरा दिसला की काका चालू भाषणात धावत जाऊन मागचा स्पीकर वाढवायचे. आयुष्यभर तेच केलं. मुलखातल्या शेवटच्या रांगा ओळखल्या, आणि घरातली पहिली रांग ओळखता आली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

कॅमेरा तसाच डोळ्याला ठेवून काका म्हणाले, "अगं, दूध उतू चाललंय."

ज्या बाईने आजवर दुधाचा थेंब गॅसवर सांडू दिला नव्हता, ती जागची हलली नाही.

काकांनी कॅमेरा खाली घेतला. तेच वाक्य, तितक्याच हळू आवाजात, पण तिच्याकडे बघत म्हटलं. "दूध उतू चाललंय."

"अगं बाई!" काकू ताडकन उठल्या. खोळ एकीकडे, बटणं दुसरीकडे. गॅसपाशी पोचल्या तर शेगडी कोरडी ठणठणीत. दूध केव्हाच तापवून फ्रीजमध्ये गेलं होतं. त्या तिथंच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. बाई हुशार होत्या. काय झालं ते त्यांना कळलं.

"अगं," काका मागून म्हणाले. त्या वळल्या नाहीत. काकांनी पुन्हा हाक मारली. मग ते ओट्याला खेटून, त्यांना आपला चेहरा दिसेल असे उभे राहिले.

"कधीपासून?"

काकांच्या ओठांवर नजर ठेवून काकू शेगडीचं बटण उगाच फिरवत राहिल्या. "काय माहीत. हळूहळू झालं. तुमचा आवाज तेवढा यायचा, त्यामुळे बरेच दिवस मलाही वाटायचं, सगळं ठीक आहे."

एरवी काका यावर हसले असते. "मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? लाज वाटायची. पहिल्यांदा विचारायची मी, काय म्हणालात, काय म्हणालात. मग दुकानदार वैतागायला लागले, शेजारणी हळूच हसायला लागल्या. किती वेळा परत परत विचारायचं? विचारणं सोडून दिलं. ओठ बघून कळतं पुष्कळसं. फक्त तुम्ही तो कॅमेरा तोंडावर धरलात की काही म्हणजे काही कळत नाही."

"आणि तळ्यावर येत नाही म्हणालीस..."

"मग काय करू? तिकडे तुम्ही मैलभर लांब जाऊन उभे राहणार. काहीतरी चांगलंच बोलत असाल. मी आपली बसून शोधतेय, काय म्हणाले असतील? परत येताना विचारायचीही चोरी. वर त्या दिवशी सगळे हसले. मला माझीच कीव आली."

काका ओट्याला धरून उभे होते. "मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीयस. इतकी वर्षं संध्याकाळचा घरी नव्हतो, त्याचा राग."

काकूंनी आता मात्र कमरेवर हात ठेवले. "रागावले असते तर बोलले नसते का? मी बहिरी असेन, मुकी नाहीये!"

आणि काकांना रडू आलं. चांगलं हुंदके देऊन. काकूंना ते ऐकू आलं की नुसतं दिसलं, देव जाणे. त्यांनी पदराने आधी काकांचे डोळे पुसले आणि मग आपले.

जरा वेळाने चहा झाला. बटणं शोधून झाली. मग काकूच म्हणाल्या, "ते माप राहिलं तुमचं." काकांनी कॅमेरा स्टँडवर चढवला आणि स्वतः त्याच्या शेजारी उभे राहिले. चेहरा मोकळा, मध्ये काही नाही. बाईंनी सांगितलं होतं तसं बोलायला लागले, साधं, रोजचं. पाण्याची टाकी धुवायची आहे, लेकीला फोन करायचा आहे. काकू खुर्चीवरून हुकूम सोडत होत्या. "थोडे पुढे या. अजून. अहो, अजून! हां. आता कळतंय." काकांनी त्या जागेवर कॅमेरा आणला. मोठी लावून बघितली तर नुसते डोळे आणि नाक. धाकटी लावली तर चेहरा आणि खांदे, वर थोडी खिडकी. जशी ती रोज दिसते तशी.

एकशेपस्तीसची परत करताना दुकानवाल्या बाईंनी विचारलं, "काय ठरलं?"

"मी कोण ठरवणार? बायकोने जागा दाखवली, लेन्स आपोआप ठरली," काका म्हणाले. तीनशेची तिथंच विकायला ठेवली आणि निघाले.

कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. काकूंनी आधी कानात घालायच्या मशीनला नाक मुरडलं, मग आरशात चार वेळा बघितलं, मग केस जरा पुढे घेतले की दिसत नाही असा शोध लावला. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अहो, जरा हळू बोला. केवढ्यांदा ओरडता!" इतक्या वर्षांत त्यांनी काकांना हे कधी म्हटलं नव्हतं. लेकीला दोघांनी मिळून सांगितलं. ती म्हणाली, यांना आईशी बोलायचंय, आणि तिने फोन नवऱ्याकडे दिला. जावई म्हणाले, "आई, चुकलो मी." काकू म्हणाल्या, "मोठ्याने बोला, ऐकू येत नाही," आणि हसत सुटल्या. मशीन कानातच होतं.

आणि काकू तळ्यावर गेल्या.

तळ्यावर वारा भन्नाट. मशीनमध्ये वारा शिरला की कानात नुसता घोंघाट. काकूंनी ते काढून डबीत घातलं, डबी पर्समध्ये टाकली आणि होडीच्या धक्क्याजवळच्या बाकावर बसल्या. आजूबाजूला माणसंच माणसं. कुणी तिकिटांच्या रांगेत, कुणी पोरांना हाका मारतंय. काकांनी स्टँड लावला. धाकटी लेन्स, तेच अंतर. हातात कॅमेऱ्याच्या बटणाची लांब वायर घेतली आणि कॅमेऱ्याच्या शेजारी उभे राहिले.

बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. एवढ्या माणसांत बोलणार तरी काय? साऱ्या मुलखाला ऐकू जाईल असं बोलण्यात जन्म गेला होता, पण जे बोलायचं होतं ते त्यांनी घरातसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं, की आवाज कशाला लागतोय? समोरच्या बाईला नुसते ओठ पुरतात. मग त्यांनी आवाज न काढता, एकेक शब्द सावकाश ओठांवर आणत म्हटलं, "तू आली नसतीस, तर मला इथं काही दिसलंच नसतं."

रांगेतल्या कुणाला पत्ता लागला नाही. काकूंची नजर काकांच्या ओठांवर होती. आधी कान लाल झाले, मग गाल. काकू लाजल्या. सगळं कळलं होतं त्यांना, शब्द न् शब्द. तरी त्या वाऱ्यात, त्या गर्दीत, धक्क्यावरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने त्या म्हणाल्या, "परत म्हणा!"

काकांनी परत म्हटलं, आणि बटण दाबलं.